शॅपरोन

शॅपरोन म्हणजे लग्न न झालेल्या मुलीसोबत पार्टीला, नाटकाला, प्रवासाला जाणारी आणि तिच्यावर (खरंतर तिच्याशी बोलायला येणाऱ्या पोरांवर जास्त) नजर ठेवणारी बाई. पण हा फ्रेंच शब्द मुळात कपड्याचा आहे. आपल्याकडे बाळाला कुंची घालतात तसं डोकं न् खांदे झाकणारं ते मध्ययुगातलं वस्त्र, बाप्ये-बाया सगळेच घालायचे. पुढे फॅशन अशी झाली की चेहऱ्यासाठी ठेवलेलं भोक सरळ डोक्यावर चढवायचं आणि उरलेलं कापड बाजूला लोंबतं सोडायचं किंवा गुंडाळायचं. यान व्हॅन आइकचं 1433चं लाल पगडीवाल्या माणसाचं चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे ना, ती पगडी नाहीच, शॅपरोन आहे.

त्यात राजकारणही आलं. 1358 मध्ये पॅरिसमध्ये व्यापाऱ्यांचा पुढारी एतिएन मार्सेलची माणसं लाल-निळे शॅपरोन घालून फिरत होती, त्यांनी राजवाड्यात घुसून युवराज शार्लच्या डोळ्यांदेखत त्याचे दोन मार्शल (बडे सेनाधिकारी) मारले आणि मार्सेलने आपलं शॅपरोन त्या घाबरलेल्या पोराच्या डोक्यावर ठेवलं, म्हणजे आता तू आमच्या संरक्षणाखाली!

डोकं झाकणारं ते राखण करणारं, अशा अर्थाने इंग्रजीत 18व्या शतकात हा शब्द बाईला लागला. बाई म्हणून स्पेलिंगच्या शेवटी एक ‘ई’ पण चिकटवला, फ्रेंचमध्ये तशी काही गरज नव्हती. व्हिक्टोरियन काळातला नियम तर भारीच, लग्न झालेली असली की विशीतली पोरगीसुद्धा वयाने मोठ्या अविवाहित बाईची शॅपरोन होऊ शकायची. नवरा शोधायला बोटीने मुंबईला येणाऱ्या इंग्रज मुलींनाही प्रवासात अशाच कुणातरी विवाहित बाईच्या हवाली करायचे. आपली पाठराखीण यातलीच वाटते, पण ती लग्न झाल्यावर नवरीसोबत सासरी जाते, म्हणजे काम वेगळं.

पहिल्या महायुद्धात मुली नोकऱ्यांना, नर्सिंगला बाहेर पडल्या आणि ही पद्धत ढिली पडत गेली. शब्द मात्र टिकला: शाळेच्या सहलीला सोबत जाणारे पालक, ब्रिटनमध्ये डॉक्टर नाजूक तपासणी करताना खोलीत थांबणारी तिसरी व्यक्ती, दोघांनाही शॅपरोन म्हणतात. 1978 मध्ये जीवशास्त्रज्ञ रॉन लास्की आणि सहकाऱ्यांनी तो थेट पेशीत नेला. तिथले शॅपरोन म्हणजे इतर प्रोटीन्सना नको तिथे चिकटू न देता नीट घडी पडायला मदत करणारी प्रोटीन्स, आणि काम झालं की ती बाजूला होतात.