रेसर सायकलची फ्रेम घेताय? आधी हे वाचा

दुकानात आल्यावर बहुतेक जण सायकल एका हातानं उचलून बघतात. हलकी लागली की मन तिथंच ठरतं. आमची विनंती एवढीच, उचलण्याआधी माप बघा. सीट वरखाली करता येते, फ्रेमची लांबी बदलता येत नाही. एकाच उंचीच्या दोघांत एकाचे पाय लांब, दुसऱ्याची पाठ. माप चुकलं तर खानापूरला जाऊन येईस्तोवर मान आणि मनगटं दुखायला लागतात.

त्यानंतर बघायचा तो सरळपणा. मागच्या चाकाचा एक्सल फ्रेमच्या ज्या दोन खाचांत बसतो, त्यातल्या एका खाचेत दोरा बांधा, पुढं हँडलखालच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेत आणा. दोरा ताणून सीटच्या नळीपासून दोन्हीकडचं अंतर पट्टीनं मोजा. ते सारखं आलं पाहिजे. आमच्याकडे आलेल्या एका जुन्या फ्रेमवर नवा रंग चकाकत होता, पण अंतर एकीकडे 31 मिलिमीटर आणि दुसरीकडे 27. अशी सायकल हात सैल सोडला की एका बाजूला ओढते. चोर्ला घाट उतरताना हे जिवावर बेतू शकतं. जुनी सायकल घेणार असाल तर दोरा लावल्याशिवाय पैसे देऊ नका.

धातूचं म्हणाल तर ॲल्युमिनियम पोलादाच्या साधारण एक तृतीयांश वजनाचं, पण त्याचा ताठपणाही तेवढाच कमी. म्हणून त्याच्या नळ्या जाड दिसतात. क्रोमोली म्हणजे क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेलं पोलाद; त्याच्या चांगल्या नळ्या टोकाला, जोडापाशी जाड आणि मधे पातळ असतात; ताकद लागते तिथंच धातू. कार्बन सगळ्यांत हलका, पण आपटल्यावर आतली चीर वरून दिसेलच असं नाही. रोज कामावर जाणाऱ्याला आम्ही क्रोमोलीच सुचवतो.

आपल्याकडच्या खड्ड्यांत आराम मिळतो तो धातूपेक्षा टायरमुळं. 28 मिलिमीटरचा टायर बसून वर चिखलाला जागा उरेल, अशीच फ्रेम घ्या.

पोलादी फ्रेमचा खरा शत्रू आपला पाऊस. पाणी सीटच्या नळीतून उतरून पायडलच्या एक्सलपाशी साचतं आणि गंज आतून धरतो. तिथं खाली बारीक भोक आहे का बघा. भिजून आलात की सीट काढून सायकल उलटी ठेवा, सीटच्या दांड्याला ग्रीस लावूनच परत बसवा.

मापाला येताना सायकल चालवताना घालता तेच बूट घालून या. दोऱ्याची तपासणी आम्ही फुकट करून देतो, सायकल कुठूनही घेतलेली असू दे.