बाळाचं नाव आईच्या पासपोर्टवर असलं की पुरे?

‘दोन वर्षांखालच्या बाळाला परदेशी न्यायला वेगळा पासपोर्ट लागत नाही, तिकीटही लागत नाही, आईच्या पासपोर्टवर नाव असलं की झालं.’ सुट्ट्या जवळ आल्या की हा मेसेज दादरपासून डोंबिवलीपर्यंत फिरतो.

समज कुठून आला, हे कळण्यासारखं आहे. पूर्वी आईवडिलांच्या पासपोर्टवर मुलांची नावं खरोखर नोंदवत. शिवाय देशांतर्गत विमानाला बाळाचा जन्मदाखला चालतो. पण आता भारतात तान्ह्या बाळालाही स्वतंत्र पासपोर्ट काढावा लागतो. आपलाच पासपोर्ट उघडून बघा: मुलांच्या नावांचा रकाना सापडणार नाही. लहान मुलांचा पासपोर्ट सहसा पाचच वर्षांचा असतो, म्हणून थोरल्याचीही तारीख तपासा. व्हिसाही ज्याचा त्याचा. सिंगापूरला निघालात तर बाळाचा वेगळा हवा.

आता तिकीट. मांडीवरच्या बाळाला सीट मिळत नाही, पण तिकीट काढावंच लागतं. परदेशी प्रवासात ते बहुधा मोठ्यांच्या भाड्याच्या दहा टक्क्यांच्या आसपास, वर कर. बुकिंग करताना प्रवाशांत बाळ जोडून पाहा, रक्कम लगेच दिसते.

खरी अडचण वाढदिवसाची, आणि ती फार जणांच्या लक्षातच येत नाही. वय बुकिंगच्या नव्हे, प्रवासाच्या दिवशीचं धरतात. सहलीतच बाळाला दोन वर्षं पूर्ण झाली, तर परतीला त्याची स्वतंत्र सीट लागते. सहार विमानतळाच्या काउंटरवर मध्यरात्री, झोपलेलं पोर खांद्यावर घेऊन हे कळण्यापेक्षा परतीची तारीख आजच जन्मदाखल्याशी ताडून बघा.