वेदनाशामक गोळीला दुखरी जागा कळते का?

डोक्यासाठी घेतलेली गोळी डोक्याकडे आणि गुडघ्यासाठी घेतलेली गुडघ्याकडे जाते, असा समज वर्षानुवर्षे चालत आला आहे. काही जाहिरातींनीही त्याला खतपाणी घातले आहे. वस्तुतः गोळीला पत्ता ठाऊक नसतो. आतड्यातून रक्तात शोषले गेलेले औषध रक्ताबरोबर शरीरभर पसरते.

मग आराम दुखऱ्या जागीच का पडतो? बोट दारात चेमटले की तेथील इजा झालेल्या पेशी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार करतात आणि त्यांच्यामुळे वेदनेचे मज्जातंतू इतके हळवे होतात की एरवी न जाणवणारा स्पर्शही ठणका देतो. अ‍ॅस्पिरिनसारखी औषधे या द्रव्यांची निर्मितीच रोखतात, हे ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले; १९८२ च्या नोबेल पुरस्काराचे ते एक मानकरी ठरले. पण प्रोस्टाग्लँडिने जठराच्या अस्तराचे रक्षणही करतात, म्हणून बोटासाठी घेतलेल्या गोळीने पोटात जळजळ, प्रसंगी व्रणही होतो. औषध सर्वत्र जाते याचा याहून बोलका पुरावा कोणता हवा?

मॉर्फिनची तऱ्हा निराळी: ते मूळ इजेला हात न लावता मुख्यतः मज्जारज्जू व मेंदूतील ग्राहींना (पेशींवरील, ठरावीक द्रव्ये जिथे चिकटतात त्या जागांना) चिकटून वेदनेचा संदेश दाबते. खरोखर एका जागेपुरते काम करते ते दंतवैद्याचे भुलीचे इंजेक्शन, तेही औषध हुशार असते म्हणून नव्हे, तर सुई तिथेच टोचली जाते म्हणून. संदेश वाहण्यासाठी मज्जातंतूत सोडियमचे कण ज्या वाटांनी शिरतात, त्या ते बंद करते आणि संदेश पुढे सरकतच नाही.