आसवांमधला चेहरा: 'नो वुमन, नो क्राय' या चित्रामागचा इतिहास

आठ फूट उंच, सहा फूट रुंद कॅनव्हासवर एका कृष्णवर्णीय बाईचा चेहरा आहे, एका बाजूनं दिसणारा. केसांच्या बारीक वेण्या घातलेल्या, गालावरून आसवं ओघळणारी. लांबून ते रंगाचे थेंब वाटतात. जवळ गेलं की प्रत्येक थेंबात चिकटवलेला कागदाचा बारकासा तुकडा दिसतो आणि त्यावर एका तरुण मुलाचा छापील चेहरा. तो मुलगा स्टीफन लॉरेन्स. रडणारी बाई त्याची आई, डोरीन लॉरेन्स. हे चित्र क्रिस ओफिली यांनी १९९८ मध्ये केलं आणि पुढच्याच वर्षी लंडनच्या टेट संग्रहानं ते विकत घेतलं.

स्टीफनचा जन्म १३ सप्टेंबर १९७४ चा. आईवडील जमैकाहून इंग्लंडला आलेले. मुलाला आर्किटेक्ट व्हायचं होतं. २२ एप्रिल १९९३ च्या रात्री साडेदहाच्या सुमारास आग्नेय लंडनमधल्या एल्टम भागात तो मित्राबरोबर बसची वाट पाहत असताना गोऱ्या तरुणांच्या टोळक्यानं त्याला गाठलं आणि भोसकलं. संशयितांची नावं पोलिसांकडे पहिल्या काही दिवसांतच पोचली, अटक व्हायला मात्र दोन आठवडे गेले. जुलैत सरकारी वकिलांनी पुरावा अपुरा ठरवून आरोप मागे घेतले. कुटुंबानं स्वतः भरलेला खासगी खटला १९९६ मध्ये कोसळला. फेब्रुवारी १९९७ मध्ये मृत्यूच्या चौकशीतल्या ज्यूरीनं निर्वाळा दिला, की कोणतीही कुरापत नसताना पाच गोऱ्या तरुणांनी केलेला हा वर्णद्वेषी हल्ला होता. त्यानंतर सरकारनं निवृत्त न्यायाधीश सर विल्यम मॅक्फर्सन यांची चौकशी नेमली आणि मार्च १९९८ पासून तिच्या जाहीर सुनावण्या सुरू झाल्या. डोरीन यांचा चेहरा सतत बातम्यांत दिसत होता. ज्या वर्षी पोलिसांना जाहीरपणे जाब विचारला जात होता, त्याच वर्षातलं हे चित्र आहे.

पण त्यातलं साहित्य त्या घटनेच्या आधीपासून ओफिली यांच्या हाताशी होतं. त्यांचा जन्म १९६८ चा, मँचेस्टरमधला, आईवडील नायजेरियाचे. रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकत असताना, १९९२ मध्ये, ब्रिटिश कौन्सिलच्या शिष्यवृत्तीवर ते झिम्बाब्वेला गेले. तिथून त्यांनी दोन गोष्टी आणल्या. एक म्हणजे ठिपके. माटोबो टेकड्यांमधल्या प्राचीन गुहाचित्रांत ठिपक्याला ठिपका लावून भरलेले भाग त्यांनी पाहिले आणि पुढची काही वर्षं त्यांची चित्रं अशाच ठिपक्यांनी विणलेली असत. दुसरी म्हणजे हत्तीची लीद.

लिदीला कलेत आणणारे ते पहिले नव्हेत. न्यूयॉर्कच्या डेव्हिड हॅमन्स यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस हत्तीच्या लिदीची शिल्पं केली होती आणि १९८३ मध्ये रस्त्याच्या कडेला बसून बर्फाचे गोळे विकले होते. ओफिली यांनी १९९३ मध्ये बर्लिनमध्ये आणि लंडनच्या ब्रिक लेनवर लिदीचे गोळे विकायला मांडले, ते हॅमन्स यांचं ऋण उघड मान्य करूनच. कृष्णवर्णीय कलाकाराकडून प्रेक्षक 'आफ्रिकन' असं काय अपेक्षितो, हा प्रश्न त्या दोघांच्याही कामाच्या मुळाशी आहे. पुढे ओफिली यांना लीद लंडनच्या प्राणिसंग्रहालयातून मिळू लागली.

लीद हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. गाय-म्हशीचं ते शेण, हत्ती-घोड्याची ती लीद; आपल्या भाषेनं केलेला हा फरक इथं कामाचा आहे. हत्ती खाल्लेल्यातलं निम्म्याहून अधिक न पचवताच बाहेर टाकतो, त्यामुळे लिदीत गवताचे, सालींचे धागे तसेच राहतात. म्हणूनच ती वाळली तरी गोळा गोळाच राहतो. मात्र वाळणं आतपर्यंत व्हावं लागतं. गाभ्यात ओल राहिली तर बुरशी धरते आणि वरून चढवलेलं रेझिन, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणारा राळेसारखा द्रव, ओलीच्या जागी नीट घट्ट होत नाही, चिकट राहतं.

या चित्रात लिदीचे तीन गोळे आहेत. एक बाईच्या गळ्यातल्या माळेचं पदक झाला आहे. बाकीचे दोन जमिनीवर ठेवलेले आहेत आणि त्यांच्यावर चित्र उभं आहे, भिंतीला टेकून. नकाशावर टोचतात तसल्या रंगीत टाचण्यांनी या पायांवर चित्राचं नाव लिहिलं आहे. चित्र खिळ्याला टांगलेलं नसल्यामुळे पाहणाऱ्याला ते खिडकीसारखं वाटत नाही. ती बाई आपल्याच जमिनीवर उभी असल्यासारखी समोर येते. हा निर्णय मला चित्रातला सर्वांत मोलाचा वाटतो.

पृष्ठभाग थरांचा आहे: तैलरंग, ॲक्रिलिक, पेन्सिलीचं ग्रॅफाइट, छापील कागद, चमकी आणि पारदर्शक पॉलिएस्टर रेझिन. रेझिनमुळे कागद आणि चमकी काचेखाली अडकल्यासारखी दिसते, खोली येते. हे साहित्य हाताळणाऱ्यांना त्याचे त्रास ठाऊक असतात. हार्डनर, म्हणजे रेझिन घट्ट करणारं रसायन, साधारण एक ते दोन टक्के घालायचा. जास्त झाला तर मिश्रण तापतं, घट्ट होताना आकसतं आणि तडकतं, कमी झाला तर दिवसेंदिवस चिकट राहतं. कॅनव्हास आडवा आणि अगदी सपाट ठेवूनच ओतावं लागतं, नाहीतर एका कडेला थारोळं साचतं. कागद आधी नीट चिकटवून बंद केला नाही तर त्यातली हवा बुडबुड्यांच्या रूपानं वर येते, आणि या चित्रात तसा एखादा बुडबुडा थेट स्टीफनच्या चेहऱ्यावर आला असता. शिवाय घट्ट झालेलं रेझिन ठिसूळ आणि त्याखालचं कापड लवचीक, म्हणून असं चित्र कधीही गुंडाळता येत नाही. हलवताना कापड थरथरलं तरी चिरा पडण्याची भीती.

नावाकडे नीट पाहायला हवं. बॉब मार्ली यांच्या १९७४ च्या गाण्यावरून ते घेतलं आहे. जमैकन बोलीत त्याचा अर्थ 'नको गं बाई, रडू नकोस' असा होतो. 'बाई नाही तर रडणंही नाही' असा अर्थ लावणं ही चूक आहे. लॉरेन्स दांपत्य मूळचं जमैकाचं, त्यामुळे आईचं सांत्वन तिच्या माहेरच्या बोलीत झालं आहे.

शोक करणाऱ्या कृष्णवर्णीय आईचं चित्र म्हटलं की १९५५ ची मेमी टिल आठवतेच. मिसिसिपीत मारल्या गेलेल्या आपल्या चौदा वर्षांच्या मुलाची, एमेटची, शवपेटी शिकागोत उघडी ठेवायचा तिनं आग्रह धरला, कारण जगानं ती क्रूरता बघावी असं तिला वाटत होतं. तो अधिकार तिचा होता. डेना शुट्झ या गोऱ्या चित्रकर्तीनं तेच प्रेत रंगवलं आणि २०१७ मध्ये ते चित्र न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात मांडलं गेलं, तेव्हा तिथं निदर्शनं झाली. ओफिली यांनी १९९८ मध्येच वेगळी वाट धरली होती: जखम दाखवायची नाही, प्रेत दाखवायचं नाही. मुलगा दिसतो तो जिवंतपणीच्या फोटोतला, तोही आईच्या आसवाएवढाच. टेटच्या नोंदीनुसार ओफिली यांना ही लॉरेन्स यांना वाहिलेली आदरांजली तर हवी होतीच, पण कोणाही माणसाच्या दुःखाचं चित्र म्हणूनही ती उभी राहायला हवी होती.

डिसेंबर १९९८ मध्ये ओफिली यांना टर्नर पारितोषिक हा ब्रिटनमधला समकालीन कलेचा मानाचा पुरस्कार मिळाला, तो मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय कलाकार. २४ फेब्रुवारी १९९९ ला मॅक्फर्सन अहवालानं लंडन पोलिसांत संस्थात्मक, म्हणजे साऱ्या यंत्रणेत मुरलेला, वर्णद्वेष असल्याचा ठपका ठेवला आणि ७० शिफारशी केल्या. त्यांतली एक म्हणजे, नवा आणि ठोस पुरावा मिळाल्यास सुटलेल्या आरोपीवर पुन्हा खटला चालवता यावा. कायदा बदलला, संशयितांचे जुने कपडे नव्यानं तपासले गेले, आणि जानेवारी २०१२ मध्ये दोघांना शिक्षा झाली. खुनानंतर जवळजवळ १९ वर्षांनी.

चित्राचा एक भाग दिवसा दिसतच नाही म्हटलं तरी चालेल. रंगांच्या थरांखाली, अंधारात चमकणाऱ्या रंगात, स्टीफन लॉरेन्सचं नाव, '१९७४–१९९३' ही वर्षं आणि आत्म्याला शांती मागणारी तीन इंग्रजी आद्याक्षरं लिहिली आहेत. दालनातल्या उजेडात ती जेमतेम जाणवतात. असा रंग आधी उजेड शोषून घेतो आणि मग हळूहळू सोडतो, त्यामुळे दिवे मालवल्यावर लगेच अक्षरं सर्वांत ठळक असतात आणि नंतर विझत जातात. पॉलिएस्टर रेझिन उजेडानं वर्षानुवर्षं पिवळं पडतं, आणि पिवळा थर नेमका निळा-जांभळा प्रकाश अडवतो, जो शोषून हा रंग चमकतो. म्हणजे अक्षरं पेटवायला उजेड लागतो आणि तोच उजेड त्यांच्यावर पडदाही धरतो. इतक्या उजेडात, इतका वेळ, एवढाच हिशेब जपणाऱ्यांच्या हातात उरतो.