उन्हाळी लागली आणि हुडहुडी भरली

फेब्रुवारीतली गोष्ट. कागलजवळच्या खेड्यातून मावशीचा फोन आला. ऊसतोड चालू होती आणि ती चार-पाच दिवस सकाळपासून अंधार पडेपर्यंत फडावर होती. "काय नाय गं, उन्हाळी लागल्या जरा. धने-जिऱ्याचं पाणी पितोय," म्हणाली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दोन वाकळा पांघरूनही तिची थंडी थांबेना. उजव्या कुशीत कळ येत होती. ती वाकून काम केल्याची असणार, असं घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं. ताप 103 भरला, रात्री दोनदा उलटी झाली, तरी "सकाळी बघू" झालंच. सकाळी डॉक्टरांनी सांगितलं, जंतू किडनीपर्यंत पोचलेत. तिला पाच दिवस सलाईनवर राहावं लागलं.

त्या रात्री मी तिथं असते तरी मला लगेच कळलं असतं का, हे मी स्वतःला बरेचदा विचारलं. म्हणून हे लिहिते आहे.

लघवीच्या जळजळीला आपण उन्हाळी म्हणतो, आणि शब्दातच कारण सांगून मोकळे होतो: अंगात उष्णता झाली. त्यात थोडं तथ्य आहे. पाणी कमी प्यालं की लघवी कमी होते आणि मूत्राशय धुऊन निघत नाही. फडावर बायकांना आडोसा नसतो, म्हणून त्या तहान मारतात आणि लघवीही तासन् तास धरून ठेवतात. पण बहुतेक वेळा जळजळ होते ती जंतूंमुळे. त्यातला नेहमीचा जंतू म्हणजे ई. कोलाय. थिओडोर एशेरिश या डॉक्टरांनी 1885 मध्ये त्याचं वर्णन केलं. तो आपल्या आतड्यात गुण्यागोविंदानं राहतो, बिघडतं ते त्यानं जागा सोडल्यावर. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम 4 सेंटिमीटरचा आणि गुदद्वार शेजारीच, त्यामुळे जंतूला मूत्राशय गाठायला फार चालावं लागत नाही. पुरुषाचा मूत्रमार्ग साधारण 20 सेंटिमीटर असतो. बायकांना हा त्रास जास्त होतो तो या रचनेमुळे. स्वच्छता पाळली नसेल, असं म्हणून बाईलाच दोष देणाऱ्यांनी हे एकदा नीट समजून घ्यावं.

लघवीच्या धारेबरोबर हे जंतू वाहून का जात नाहीत? त्यांच्या अंगावर केसांहून कितीतरी बारीक तंतू असतात आणि तंतूच्या टोकाला मूत्राशयाच्या पेशींवरची साखर पकडणारं प्रथिन. ही पकड फासगाठीसारखी आहे. धारेचा ओढा बसला की ती आणखी आवळते. काही जंतूंकडे तर किडनीच्या पेशींना धरणारे वेगळे तंतूही असतात. मूत्राशयातून किडनीकडे जाणारी नळी 25 ते 30 सेंटिमीटर लांब आहे. तेवढी चढण चढली की दुखण्याचं रूपच पालटतं.

कारण किडनी म्हणजे रक्ताची मोठी पेठ. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा दोन्ही किडन्यांमधून जातो. तिथं जंतू वाढले की शरीर सगळी ताकद लावून झुंजतं, म्हणून ताप चढतो आणि दात वाजतात. जंतू रक्तात उतरले तर सेप्सिस होऊ शकतो, म्हणजे जंतूंशी झुंजताना शरीर स्वतःचेच अवयव निकामी करायला लागतं, आणि तो जिवावर बेततो. प्रयोगशाळेत पोषक द्रवात ई. कोलाय साधारण 20 मिनिटांत दुप्पट होतो. त्या वेगानं एकाचे 7 तासांत 20 लाखांवर होतात. शरीरात हा वेग बराच कमी असतो, तरी "सकाळी बघू" म्हणताना हा हिशेब माझ्या डोळ्यांसमोर येतो.

आता फरक कसा ओळखायचा ते. नुसती जळजळ, सारखी लघवीला लागणं, ओटीपोटात दुखणं, ताप नाही, तर संसर्ग बहुधा मूत्राशयापुरता आहे. तरी एक-दोन दिवसांत दाखवून घ्यावंच. पण त्याला थंडी वाजून ताप, मळमळ-उलटी किंवा पाठीत एका बाजूला, शेवटच्या बरगडीखाली दुखणं यातलं काही जोडलं गेलं, की त्याच दिवशी डॉक्टर. दवाखाना बंद असला तर रुग्णालयाचा अपघात विभाग. वाकून काम करून भरलेल्या कंबरेचं दुखणं कूस बदलली, शेकलं की कमी-जास्त होतं. किडनीचं तसं सहसा होत नाही, कसंही झोपलं तरी ते आत ठसठसत राहतं. कधी कधी जळजळ अजिबात नसते, फक्त ताप आणि कुशीतली कळ असते. तेव्हाही हेच.

काही माणसांनी तर संध्याकाळचीही वाट बघू नये. गरोदरपणात वाढलेलं गर्भाशय मूत्रनळ्यांवर दाबतं, नळ्या सैलावतात, लघवी तुंबते. आईला आणि बाळाला दोघांनाही धोका असतो. मधुमेह असलेल्यांना संसर्ग लवकर गाठतो आणि खोलवर जातो. तान्ह्या बाळाला कुठं दुखतंय ते सांगता येत नाही. नुसता ताप, दूध न पिणं, किरकिर एवढंच दिसतं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला की कारण शोधत घरी बसू नये. म्हाताऱ्या माणसांना तर कधी ताप येतच नाही. आजी अचानक असंबद्ध बोलायला लागल्या, माणूस ओळखेनात, तर वयामुळे झालं असेल असं समजू नका.

आणि मुतखडा. आपल्याकडे पानफुटीची पानं चावून खडा पडायची वाट बघतात. खड्याला ताप जोडला गेला असेल तर ते थांबवा. खड्यानं नळी बंद केलेली आणि वर जंतू कोंडलेले, ही खरी आणीबाणी आहे. तिथं नुसत्या औषधानं भागत नाही. कोंडलेली लघवी नळी घालून काढून द्यावी लागते. श्वास जोरात चालणं, गुंगी, हातपाय गार पडणं, दिवसभर लघवी जवळपास न होणं यातलं काही दिसलं तर 108 ला फोन करा, नाहीतर मिळेल त्या गाडीनं कोल्हापूरच्या सीपीआरसारखं (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) मोठं सरकारी रुग्णालय गाठा.

दवाखान्यात जाण्याआधी घरातल्या उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या घेऊ नका. लघवीचा नमुना पहिल्या गोळीच्या आधी दिला तरच कल्चरमध्ये, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, जंतू नीट सापडतो आणि त्याच्यावर कुठलं औषध चालतं ते कळतं. त्याचा निकाल यायला दोन-तीन दिवस लागतात, म्हणून डॉक्टर अंदाजानं औषध सुरू करतात आणि गरज पडली तर मग बदलतात. शेजारणीला लागू पडलेली गोळी तुम्हाला पडेलच असं नाही. नायट्रोफ्युरँटॉइन हे अँटिबायोटिक मूत्राशयासाठी उत्तम, पण किडनीच्या मांसात ते पुरेसं साठत नाही. जळजळ थांबेल आणि वरचा जंतू तसाच राहील. अंग दुखतंय म्हणून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकही मनानं घेऊ नका, आजारी किडनीवर त्यांचा भार पडतो. पॅरासिटॅमॉल चालतं, पण त्यानं ताप उतरला म्हणजे दुखणं गेलं असं नाही. थंडी वाजली होती हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

औषध सुरू होऊन दोन-तीन दिवसांत ताप हटला नाही, तर परत जायचं. मावशीचा तिसऱ्या दिवशीही हटला नव्हता. म्हणून सोनोग्राफी केली, तर उजव्या नळीच्या तोंडाशी लहानसा खडा निघाला. त्याचा तिला कधीच पत्ता नव्हता.