पेन ड्राइव्हवर मावणारं सास: पार्श्वभूमी

दारव्हा, पांढरकवडा, मूल, सिंदेवाही अशा तालुक्याच्या गावांत बसून वेबसाइटची कामं करणाऱ्यांची गिऱ्हाइकं म्हणजे जिनिंग, कृषी केंद्र, मंगल कार्यालय, पतसंस्था, एखादी शाळा. ही कामं करणाऱ्यांच्या डेस्कटॉपवर आज कमांड लाइनचं सास, म्हणजे वेबपानांचं रूप ठरवणारी सीएसएस सोप्या रीतीनं लिहू देणारी भाषा, बसवायचं तर झिप उतरवायची, फोल्डर सी ड्राइव्हवर उघडायचा आणि त्याचा पत्ता पाथमध्ये (विंडोज प्रोग्राम जिथे शोधतं त्या यादीत) टाकायचा, की काम झालं. इथवर यायला दहा-बारा वर्षं गेली. वाटेत एक निर्णय असा झाला की त्याचा राग अनेकांच्या मनातून अजून गेलेला नाही.

२००६ साली सास आलं ते रूबी भाषेत लिहिलेलं, हॅमल या एचटीएमएल लिहिण्याच्या साधनाच्या सोबतीनं. २०१० मध्ये तिसऱ्या आवृत्तीसोबत महिरपी कंसांची एससीएसएस पद्धत आली आणि साधी सीएसएस लिहिणाऱ्याला ते जवळचं वाटू लागलं. आपल्याकडे तेव्हा भारनियमन होतं, डोंगल होतं आणि टॉवर एखाददुसराच. विंडोजवर आधी रूबीचा इन्स्टॉलर चालवायचा, मग जेम (रूबीचं पॅकेज) बसवणारी जेम इन्स्टॉल सास ही आज्ञा द्यायची. हे सगळं संथ होतं, पण त्यात एक मोठी सोय होती. जेमची एकच फाइल शहरातून पेन ड्राइव्हवर आणता यायची आणि नेट नसतानाही बसायची. अडचण यायची ती देवनागरीची. एससीएसएस फाइलमध्ये मराठीत शेरा (कमेंट) लिहिला की काही मशिनींवर रूबी अमान्य अक्षराची तक्रार करून थांबायची. फाइलच्या पहिल्या ओळीत कॅरसेट यूटीएफ-८ लिहिलं की ती पुढे जायची. इंग्रजीत शेरे लिहिणाऱ्याला हा त्रास सहसा होत नसे, म्हणून बहुतेक शिकवण्यांत त्याचा उल्लेखही नसे.

२०१२ मध्ये लिबसास आलं. तेच सास, पण सी आणि सी प्लस प्लसमध्ये लिहिलेलं, म्हणून वेगाला जबर. कमांड लाइनसाठी त्याचं सासी आणि नोडसाठी, म्हणजे ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या साधनासाठी, नोड-सास. पुढची काही वर्षं बहुतेकांनी नोड-सासच वापरलं आणि गावातल्या मशिनींनी सर्वांत जास्त सोसलं ते याच काळात. नोड-सास बसताना तुमच्या नोडच्या नेमक्या आवृत्तीला जुळणारी तयार बायनरी (थेट चालणारी फाइल) नेटवरून ओढायचं. ती मिळाली नाही तर ते स्वतःच ती बांधायला घ्यायचं, आणि त्यासाठी पायथन २.७ आणि मायक्रोसॉफ्टची सी प्लस प्लसची बांधणीची साधनं लागायची. ही साधनं काही जीबींची. दिवसाच्या डाटा पॅकवर हॉटस्पॉट लावून बसलेल्या माणसाचं पॅक अर्ध्यात संपायचं, तेवढ्यात लाइन जायची आणि डाउनलोड पहिल्यापासून सुरू करावं लागायचं.

नागपूरला शिकणाऱ्या एखाद्या मित्राच्या लॅपटॉपवरून अख्खं नोड मॉड्यूल्सचं (बसवलेल्या पॅकेजांचं) फोल्डर उचलून आणावं म्हटलं, तर त्यात हजारो बारक्या फाइली. पेन ड्राइव्हवर उतरायलाच भरपूर वेळ जायचा आणि घरी नोडची आवृत्ती वेगळी निघाली की बाइंडिंग (नोडला सासशी जोडणारी तीच बायनरी) सापडत नाही असं उत्तर मिळायचं. नोड १४ ला नोड-सास ४.१४ लागायचं, नोड १५ ला थेट ५.०. नोड वर गेला की सासही वर न्यायचं, नाहीतर कामच बंद.

वादाचा निर्णय याच सुमाराला झाला. २०१६ च्या अखेरीस सासच्या कर्त्यांनी जाहीर केलं की सासची मुख्य अंमलबजावणी आता डार्ट या भाषेत होईल. पहिली पक्की आवृत्ती मार्च २०१८ मध्ये आली. त्याच महिन्यात रूबी सासला वर्षभराची मुदत दिली गेली आणि मार्च २०१९ मध्ये ते संपलं. ऑक्टोबर २०२० मध्ये लिबसासही मोडीत काढल्याचं जाहीर झालं. लोक चिडले, आणि चिडायला कारण होतं. डार्ट एका बड्या कंपनीची भाषा, तेव्हा फारशी कुणी न वापरलेली. सासच्या प्रमुख कर्त्यांपैकी एक जण त्याच कंपनीत, त्या भाषेशी जोडलेल्या कामावर होता, त्यामुळे निवडीवर शंका घेतली गेली. भरीस भर म्हणजे बूटस्ट्रॅप या सीएसएसच्या तयार संचाची चौथी आवृत्ती लेस (साससारखंच दुसरं साधन) सोडून सासवर आली ती जानेवारी २०१८ मध्ये. त्या ओढीनं ज्यांनी नुकतंच रूबी सास बसवलं होतं, त्यांना दोनच महिन्यांत मुदतीची बातमी मिळाली.

तरीही निर्णय बरोबर होता, असं माझं स्पष्ट मत आहे. रूबी संथ होती आणि वेबच्या कामात मागे पडत चालली होती. लिबसास वेगवान होतं, पण ते सांभाळायला माणसं पुरत नव्हती आणि भाषेत आलेल्या नव्या गोष्टी तिथे पोचतच नव्हत्या. २०१९ च्या ऑक्टोबरात आलेली यूज नियमाची (एका फाइलीत दुसरी आणण्याची) मॉड्यूल पद्धत लिबसासला कधीच मिळाली नाही. सीएसएसमध्ये आलेलं मिन फंक्शनही त्याला पचेना. रुंदीला १०० टक्के आणि ९६० पिक्सेल यांतलं लहान माप दे असं लिहिलं की लिबसास ते स्वतःचं गणित समजायचं आणि एककं जुळत नाहीत म्हणून थांबायचं. त्यावर लोक मिनचं पहिलं अक्षर कॅपिटल लिहायचे. सासला कॅपिटल-स्मॉलचा फरक कळतो, ब्राउझरला इथे तो नसतो, म्हणून ओळ तशीच्या तशी पार व्हायची. अशा युक्त्यांवर किती दिवस काढणार?

वादात न आलेली बाजू गावाच्या कामाची आहे. डार्टचं सास स्वतंत्र झिपमध्ये मिळतं, मोजक्या एमबींचं. त्यासोबत रूबी, नोड, पायथन, कंपायलर काहीच लागत नाही. एका ठिकाणी उतरवलं की त्याच जातीच्या दहा मशिनींवर पेन ड्राइव्हनं नेता येतं. वेगाच्या तुलना करणाऱ्यांनी बहुधा एनपीएम या नोडच्या पॅकेज-भांडारातलं, जावास्क्रिप्टमध्ये उतरवलेलं सास मोजलं. ते लिबसासपेक्षा संथ आहे, हे खरंच. पण झिपमधलं सास वेगळं, बरंच चपळ.

अडखळायची एक जागा उरतेच. पाथमध्ये फोल्डर टाकून ओके केलं तरी आधीपासून उघडी असलेली कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी सासला ओळखत नाही, कारण पाथ ती सुरू होतानाच वाचते. ती बंद करून नवी उघडायची, सास लिहून दोन डॅश आणि व्हर्जन टाइप करायचं, आकडा दिसला की झालं. अनेकजण नेमकं इथेच झिप खराब समजून पुन्हा डाउनलोड करतात. लिनक्सवाल्यांचा घोळ वेगळा आहे. उबुंटूच्या भांडारातून सासी बसवलं तर हाती मोडीत निघालेलं लिबसासच येतं, तेव्हा तिथेही स्वतंत्र फाइलच घ्यावी.

२०२३ पासून ब्राउझरांना नेस्टिंग (नियमाच्या आत नियम) आपसूक कळू लागलं, व्हेरिएबल्स तर आधीच होते. नव्या छोट्या साइटला सास लागेलच असं नाही. जुन्या साइटी मात्र सासवर उभ्या आहेत, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये डार्ट सासच्या १.८० आवृत्तीनं इम्पोर्ट हा फाइली आणण्याचा जुना नियम कालबाह्य ठरवल्यापासून त्यांच्यावर इशाऱ्यांचा पाऊस पडतो. डार्ट सासच्या तिसऱ्या आवृत्तीत इम्पोर्ट निघणार आहे. फाइली यूजवर नेणारं मायग्रेटर नावाचं साधनही स्वतंत्र मिळतं, पण वेगळं सांगितल्याशिवाय ते नाव दिलेल्या फाइलीच बदलतं, त्यांनी आणलेल्या इतर फाइलींना हात लावत नाही. बूटस्ट्रॅप ५.३ अजून इम्पोर्टवरच आहे, म्हणून आपल्या फाइली सुधारल्या तरी त्याचे इशारे येत राहतात. बूटस्ट्रॅप लोड पाथमधून (सासला शोधायला सांगितलेल्या फोल्डरातून) घेत असाल तर क्वाएट-डेप्स हा पर्याय लावला की तेवढेच गप्प होतात आणि आपल्या फाइलींमधल्या चुका दिसत राहतात.