संघ वाचनालयांचा की ग्रंथपालांचा?

ग्रंथालयशास्त्राची पदवी घेऊन नोकरीला लागलेल्या माणसाला वर्षभरात कुणीतरी सांगतंच, ‘संघाचं सभासदत्व घेऊन टाक.’ कुठल्या संघाचं, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. महाराष्ट्रात जिल्हा ग्रंथालय संघ आहेत आणि त्यांच्यावर राज्य ग्रंथालय संघ आहे. त्यांचे सभासद म्हणजे मुख्यतः वाचनालयं, माणसं नव्हेत. दुसरीकडे भारतीय ग्रंथालय संघ किंवा विद्यापीठ-महाविद्यालयीन ग्रंथपालांची ‘मुक्ला’ यांसारख्या संघटना थेट ग्रंथपालांच्या आहेत. या दोन घराण्यांचा इतिहास वेगळा आहे, आणि सभासदाला काय मिळतं हे बरंचसं त्यावर ठरतं.

ग्रंथपालांच्या संघटनेची सुरुवात 6 ऑक्टोबर 1876 रोजी फिलाडेल्फियात झाली. परिषदेला 103 जण आले होते, त्यांत 13 स्त्रिया. अमेरिकन लायब्ररी असोसिएशन स्थापन करण्याचा ठराव झाला आणि सह्यांची वही फिरली. मेल्व्हिल ड्यूई तेव्हा चोवीस वर्षांचे होते. त्यांनी पहिली सही ठोकली आणि नावाआधी लिहिलं ‘क्रमांक एक’. पुस्तकांची विषयवार मांडणी करणारी त्यांची दशांश वर्गीकरण पद्धतीही त्याच वर्षीची. (याच संघटनेने 2019 मध्ये आपल्या पदकावरून ड्यूईंचं नाव काढलं. स्त्रियांशी त्यांची वागणूक आणि त्यांचा वंशद्वेष ही त्याची कारणं.) पुढच्या वर्षी लंडनमध्ये ब्रिटनची लायब्ररी असोसिएशन उभी राहिली. तिने 1885 पासून स्वतःच्या परीक्षा घेतल्या. लंडन विद्यापीठात ग्रंथपालनाचं शिक्षण सुरू व्हायला 1919 उजाडलं. म्हणजे तीसेक वर्षं तिथे ग्रंथपालाची लायकी विद्यापीठ नव्हे, संघटना ठरवत होती.

आपल्याकडे ही परंपरा दोन वाटांनी आली. पहिली वाट बडोद्याची, म्हणजे आपल्या घरातली. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यात जन्मलेल्या सयाजीराव गायकवाडांनी 1906 मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. लिहायला-वाचायला शिकलेली मुलं पुस्तकांअभावी पुन्हा निरक्षर होतील, ही त्यांची पुढची चिंता होती. 1910 मध्ये त्यांनी अमेरिकेहून विल्यम बोर्डन यांना आणलं. हे बोर्डन ड्यूईंच्या ग्रंथालय शाळेत अध्यापन करून आलेले. 1911 मध्ये त्यांनी बडोद्यात प्रशिक्षण वर्ग काढला. देशातला असा तो पहिला वर्ग. तिथल्या लायब्ररी क्लबाने 1912 पासून ‘लायब्ररी मिसलेनी’ नावाचं नियतकालिक चालवलं. ते इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत निघे. ग्रंथपालनावर मराठीत नियमित मजकूर छापणारं इतकं जुनं दुसरं व्यावसायिक नियतकालिक निदान माझ्या वाचनात नाही, आणि तरी आपल्या अभ्यासक्रमांत ते एका ओळीत उरकलं जातं.

बडोद्याचा भर मात्र ग्रंथपालापेक्षा गावावर होता. गावाने वर्गणीतून जेवढी रक्कम जमवली तेवढीच प्रांत (म्हणजे जिल्हा) पंचायत देई आणि तेवढीच सरकार. जिथे वाचनालय नव्हतं तिथे पुस्तकांनी भरलेली कुलूपबंद लाकडी पेटी जाई. महिन्या-दोन महिन्यांनी ती परत येई आणि दुसरी रवाना होई. अशा चळवळीतून जो संघ उभा राहतो तो वाचनालयांचा असतो. बेझवाड्यात (आजच्या विजयवाड्यात) 1914 मध्ये स्थापन झालेला आंध्रदेश ग्रंथालय संघ त्याच वळणाचा. नोव्हेंबर 1919 मध्ये मद्रासला अखिल भारतीय सार्वजनिक ग्रंथालय परिषद भरली, तिच्या अध्यक्षस्थानी बडोद्याचे जनार्दन सखाराम कुडाळकर होते. पुण्यात 1921 मध्ये वाचनालय संघ निघाला, त्याच्या नावातच सगळं आलं.

दुसरी वाट मद्रासची. गणिताचे प्राध्यापक शि. रा. रंगनाथन 1924 मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि काही दिवसांतच कंटाळून पुन्हा वर्गावर जाऊ द्या म्हणू लागले. आधी इंग्लंडला जाऊन या, मग बघू, असं ठरलं. लंडनमध्ये त्यांना बर्विक सेयर्स भेटले. क्रॉयडनचे हे ग्रंथपाल ब्रिटनच्या लायब्ररी असोसिएशनमधले मातब्बर. रंगनाथन परतले ते पक्के ग्रंथपाल होऊनच. 1928 मध्ये मद्रास ग्रंथालय संघ स्थापन झाला. 1929 मध्ये संघाने उन्हाळी वर्ग सुरू केला आणि दोन वर्षांनी तो विद्यापीठाने आपल्याकडे घेतला. त्या वर्गाला आधी संघाचं छत मिळालं, विद्यापीठाची मोहोर नंतर. सप्टेंबर 1933 मध्ये कलकत्त्यात भारतीय ग्रंथालय संघ निघाला. इंपीरियल लायब्ररीचे (आजच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे) के. एम. असदुल्ला त्याचे पहिले सचिव. हा संघ चालवणारे स्वतः ग्रंथपाल होते.

याचं फळ पगारपत्रकावर दिसतं. विद्यापीठ अनुदान आयोगाने 1957 मध्ये रंगनाथन यांच्याच अध्यक्षतेखाली ग्रंथालय समिती नेमली. ग्रंथपालाचा दर्जा आणि वेतन अध्यापकांच्या बरोबरीचं असावं, अशी तिची शिफारस होती. आज महाविद्यालयातला ग्रंथपाल आयोगाच्या श्रेणीत पगार घेतो, त्याची मुळं इथे आहेत. ही लढाई एकट्या रंगनाथनांनी जिंकली असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल, पण समितीसमोर बोलायला संघटित व्यवसाय होता हे खरं.

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांची गाडी पहिल्याच वाटेने गेली. सरकारने नेमलेल्या फैजी समितीने 1940 मध्ये तेव्हाच्या मुंबई प्रांतासाठी ग्रंथालयांची टप्प्याटप्प्याची योजना दिली. कोल्हापूर संस्थानाने 1945 मध्ये ग्रंथालय कायदा केला. तो देशातला पहिला, पण विलीनीकरणानंतर संपला. 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्यात मद्रासच्या 1948 च्या कायद्यासारखा ग्रंथालय कर नाही. शासनाने वर्षाला किमान 25 लाख रुपये ग्रंथालय निधीत घालावेत, एवढं बंधन आहे. अनुदान अ, ब, क, ड वर्गानुसार संस्थेला मिळतं आणि ग्रंथपालाचं वेतन त्यातूनच भागवावं लागतं. शासनाला सल्ला देणाऱ्या राज्य ग्रंथालय परिषदेत संघांना जागा आहे, पण तिथे बसणारा बहुधा संस्थाचालक असतो. अनुदान वाढवा, ही त्याची मागणी. वेतनश्रेणी द्या, ही कर्मचाऱ्याची. अधिवेशनात दोन्ही ठराव एकाच दमात मंजूर होतात, आणि पहिल्याचाच पाठपुरावा जास्त होतो.

म्हणून जिल्हा संघ फुकाचा, असं नव्हे. ग्रंथपालन वर्ग जिल्हा संघांनी चालवले. पदवीला शहरात जाणं न परवडणाऱ्या कित्येकांची, विशेषतः बायकांची, नोकरी त्या प्रमाणपत्रावर उभी आहे. वाचनालयाला वरचा वर्ग मिळण्यासाठीच्या तपासणीआधी दाखलनोंद वही (आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंदवही) कशी लागते, हे तिथेच कुणी समजावून सांगतं. मात्र त्या संघाची वर्गणी वाचनालय भरतं आणि मत वाचनालयाचं असतं. ग्रंथपालाला स्वतःचं मत हवं असेल, तर दुसऱ्या घराण्यातल्या संघटनेचा अर्ज भरून पैसे खिशातून द्यावे लागतात, आणि त्याच्या मानधनात नेमकी तीच तरतूद नसते.